सरकीचं वजन

लोणारच्या बसस्टँडमागे अजीजुन्निसा चाचींचं गाद्यांचं दुकान आहे. पुढे रुई पिंजायचं मशीन, मागे राहायची खोली. नवरा गुलाम रसूल वारल्यापासून अकरा वर्षं त्या एकट्याच दुकान चालवतात. मुलगी मलिहा पुण्याला नोकरीला. घरात दुसरं माणूस नाही. होती ती सरकी, आठ किलोची पांढरी मांजर.

मी गावच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. डिप्लोमात मांजरावर एक धडा होता, तो परीक्षेला आला नव्हता.

सरकीने घराबाहेर कधी पाय ठेवला नव्हता. तिच्याआधीचा बोका मागच्या फवारलेल्या कपाशीत फिरून आला, त्याने पंजे चाटले आणि संध्याकाळच्या आत तोंडातून फेस येऊन गेला. तेव्हापासून चाचींनी धसका घेतला होता. "बीटी कपाशी आली तवा म्हनले, आता फवारनी लागत नाई," त्या सांगायच्या. "आन आता पाहा, पाच-पाच औषधं एका पंपात कालवून राह्यले." ते बोंडअळीचं वर्ष होतं. दुकानात येणारी रुईही डागाळलेली, पिवळट. फवारणीचा वास आला की चाची खिडकी लावून घ्यायच्या.

बंद खोलीत दूध-भात खाऊन सरकी फुगत गेली. गादीवर चढतानाही धापा टाकायची. दिवाळीला आलेल्या मलिहाने ते पाहिलं. परत गेल्यावर तिने मांजरांसाठीचं कच्च्या कोंबडीचं तयार खाणं, गोठवलेली पाकिटं, थर्मोकोलच्या डब्यात घालून ट्रॅव्हल्सने पाठवलं. चाचींकडे फ्रीज नव्हता. पाकिटं समोरच्या मतीनच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये गेली.

"चाची, गिऱ्हाईक कुल्फी मागते आन माह्या हाती मांजराचा खिमा येते," मतीन ओरडायचा.

"मंग तोच दे ना बे. तुह्या कुल्फीपेक्षा ताजा हाये."

मलिहाने फोनवर बजावलं होतं, "अम्मी, एकदम बदलू नको. जुन्या खाण्यात चमचा-चमचा मिसळत जा. पंधरा दिवस लागू दे." चाचींनी तसं केलं. सरकीने भात खाल्ला, दूध प्यायली आणि मांस ताटलीच्या कडेला जसंच्या तसं ठेवलं. चार दिवस तेच.

पाचव्या दिवशी चाची दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, लय नखरे करून राह्यली. काय करू?"

मी एका शेळीला लस टोचत होतो. मान वर न करताच म्हणालो, "दूध-भात बंद करा. भूक लागली की खाईल."

बदललेला चारा गाय-म्हैस सोडून देते तेव्हा मी हेच सांगायचो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी गव्हाण रिकामी व्हायची.

चाचींनी त्याच दिवशी दूध-भात बंद केला. रोज सकाळी त्या सरकीला उशीच्या खोळीत घालून रुईच्या ताणकाट्याला अडकवायच्या. तिसऱ्या दिवशी चारशे ग्रॅम उतरले. सहाव्या दिवशी दवाखान्याच्या दारातून त्यांनी मला बोटं दाखवली.

"नऊशे, साहेब! ओली रुई सुकली का काटा असाच उतरते. मंग पिंजाले मस्त."

"खाते का पण?"

"चाटते. आता कटकट बी नाई. गुमान पडून राह्यते."

"छान," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करायला टाकलेली उशी आणायला दुकानात गेलो. मशीनखालच्या गार फरशीवर सरकी बसली होती. एरवी मला पाहताच आत पळायची. आज हललीही नाही. हनुवटीला लाळ लागलेली. उचलली तर पोट अजून मोठंच होतं, पण पाठीचा कणा हाताला लागला. कान उलटा करून पाहिला. आतून पिवळा. त्या पिवळट रुईच्या ढिगाशेजारी भास होतो की काय, म्हणून तिला रस्त्यावर उन्हात नेलं. हिरड्याही पिवळ्या होत्या.

"चाची, दूध-भात आणा."

"देऊ? खरंच देऊ?" त्यांचा चेहरा उजळला. दूध कोमट करून, भात बोटांनी कुस्करून त्यांनी ताटली तिच्यापुढे सरकवली. "घे माय, जितली तू."

सरकीने वास घेतला, ओठ चाटले आणि तोंड फिरवलं. चाचींनी बोटावर साय धरली. तीही तिला नको होती.

"रुसली," चाची म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

मी माझ्या कॉलेजच्या महादेवराव सरांना फोन लावला. "सात दिवस?" ते म्हणाले. "अरे, ती गाय आहे का? लठ्ठ मांजर उपाशी राहिली की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते. मग तिला भूकच लागत नाही. अकोल्याला ने. आत्ता."

एसटीने मेहकर, तिथून अकोला. पूर्ण रस्ता चाची सरकीला ओढणीत घेऊन बसल्या. दोन्ही बाजूंनी कपाशी होती. कुठे फवारणीचा वास आला की त्या ओढणी तिच्या तोंडावर ओढायच्या.

अकोल्याच्या डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि विचारलं, "उपाशी ठेवायला कोणी सांगितलं?"

मी पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधू लागलो.

"कोनी नाई," चाची म्हणाल्या. "मीच ठेवली."

नाकातून नळी घालून पातळ खाणं सुरू झालं. तीन दिवस काढले तर आशा आहे, असं मॅडम म्हणाल्या. चाची तिथल्याच पुतणीकडे, मुबीनाकडे राहिल्या. मी ड्युटीसाठी परतलो. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "गेली," एवढंच.

आठवड्याने दुकान उघडलं तेव्हा मी गेलो. माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती. चाची दाभणाने गादी टाचत होत्या. त्यांनी मला पहिल्याच वाक्याला थांबवलं.

"तितं अकोल्याले मी तुमचं नाव घेतलं नाई. तुमची नवी नोकरी हाये." दाभण गादीतून आरपार गेलं. "पन पोरीनं सांगतलं व्हतं, पंधरा दिवस. तिचं नाई ऐकलं म्या. तुमचं ऐकलं."

त्यांनी दोरा ओढून गाठ मारली.

"मलिहाले अजून काईच ठाऊक नाई. आठ दिवस फोनच नाई उचलला म्या. तितं खोटं बोलली ते बोलली. तिच्यासंग खोटं नाई बोलत."

त्यांनी पिशवीतून फोन काढला, मुलीचा नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"तुमी सांगा."

दोन रिंगांत तो उचलला गेला. "अम्मी! किती दिवस झाले! सरकी खाते ना आता?"

चाची माझ्याकडे पाहत होत्या.

"मी दवाखान्यातून बोलतोय," मी म्हणालो. मग लक्षात आलं की तेही खरं नव्हतं. "नाही. मी तुमच्या दुकानात उभा आहे."