कमलअक्काची मरळ

कमलअक्का गिऱ्हाइकाच्या हातातली पिशवी बघत नसे, त्याच्या डोळ्याची खालची पापणी बघत असे. बाजारच्या भर गर्दीत ओल्या बोटानं समोरच्या बाईची पापणी खाली ओढायची आणि आतला रंग पाहून निकाल द्यायची. आत लाली दिसली तर पाटीतले साधे मासे. पांढरट दिसलं, तर पाठीमागे ओल्या गोणपाटानं झाकलेलं पातेलं उघडायचं. त्यात मरळ असायची. काळसर, सापासारख्या डोक्याची, पाण्याबाहेर काढली तरी तासन्‌तास तग धरणारी.

शिंदखेडा तालुक्यातल्या त्या गावात आम्ही नवेच होतो. माझ्या नवऱ्याला महामार्गालगतच्या एका केमिकल कारखान्यात नोकरी लागली होती. माझं माहेर नशिराबादचं, घरात मासा कधी आला नव्हता. मी मेथीची जुडी घेऊन चालले होते, पोट नुकतंच दिसू लागलं होतं.

"ए बहीण, आठे ये," अक्कानं हाक मारली. मी जवळ गेले तशी तिनं माझी पापणी ओढली. "पांढरं फट शे व माय! पोटमा लेकरू शे, आन तू काय खाशी? मेथी?"

"आमच्याकडे मासे खात नाहीत," मी म्हटलं.

"तू नको खाऊ. लेकरूले खाऊ दे."

संध्याकाळी ती स्वतःच घरी आली. मरळ साफ करून, राखेनं घासून आणली होती. चुलीवर भाजलेला कांदा-खोबरं आणि काळा मसाला तिनं आमच्या पाट्यावर वाटला. माझ्यासमोर कळण्याची भाकरी आणि रस्सा ठेवून ती पाटावर बसून राहिली. पहिला घास मी श्वास रोखून गिळला. पुढच्या आठवड्यात मात्र बाजारच्या दिवसाची वाट बघू लागले.

अक्का भोयांची. नवरा लवकर गेला, मुलगा कामासाठी सुरतेला. दीर गावच्या तळ्यात जाळं टाकायचा, अक्का बाजार सांभाळायची. गावात कुणी बाळंतीण झाली, कुणी तापातून उठलं, की आधी अक्काला निरोप जायचा. तिचा एक नियम होता. ज्या बाईच्या अंगात रक्त सगळ्यात कमी, तिला तळ्यातली सगळ्यात जुनी, मोठी मरळ. "म्हातारी मरळमा जास्त ताकद शे," ती म्हणायची. अशी एखादी मरळ मिळाली, तर दुसरं कुणी कितीही मागो, ती त्या बाईसाठीच झाकून ठेवायची.

शाळा सुटली की ती ओट्यावर बसून पोरं न्याहाळायची. "तो देख, तो मना मरळना पोऱ्या. आन ती, वेणीवाली, तीबी मनीच." अर्धी शाळा तिचीच होती. माझी ओवी जन्मली, गुटगुटीत, काळ्याभोर डोळ्यांची. अक्कानं तिला मांडीवर घेतलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाई ते खास मनी शे!"

ओवी चालायला लागली, पण बोलेना. तिच्या वयाची मुलं मागे लागून गोष्टी सांगायची आणि ही नुसती बोट दाखवायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी कान तपासले. कान चांगले आहेत, काही मुलं उशिरा बोलतात, वाट पाहा, असं म्हणाले. आम्ही वाट पाहत होतो.

त्याच सुमारास धुळ्याच्या एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई तळ्यावर आल्या. त्यांना तपासणीसाठी मासे हवे होते. अक्काला कोण आनंद! शहरातल्या लोकांनी आपली मरळ बघायला यावं, याचंच तिला अप्रूप. तिनं निवडून मोठ्यात मोठ्या मरळी दिल्या.

काही महिन्यांनी बाई परत आल्या. अक्काच्या ओट्यावर आम्ही तिघीच होतो. बाईंनी घाई केली नाही, मोठे शब्द वापरले नाहीत.

"अक्का, तळ्यातल्या माशांत पारा सापडलाय. पाण्यातून तो गाळात जातो, गाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत. लहान मासे मरळ खाते. खाल्लेला पारा सहजासहजी अंगाबाहेर पडत नाही, साठत जातो. मरळ जितकी मोठी आणि जुनी, तितका तिच्यात जास्त."

बाईंनी माझ्याकडेही पाहिलं.

"गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तर ती मुळीच खाऊ नये. पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका असतो."

"कितला सालपाईन शे हाई?" अक्कानं विचारलं. किती वर्षांपासून?

"ते सांगता येणार नाही."

"पारा उना कथाईन?"

बाईंनी नाल्याकडे पाहिलं. "तिकडून आला असावा. ते शोधणं सरकारी खात्याचं काम. आम्ही त्यांना कळवलंय."

नाला कारखान्यांच्या मागून येऊन तळ्याला मिळत होता. पहिल्या मोठ्या पावसात त्याला पांढरा फेस यायचा, गावातली पोरं तो हातावर घेऊन फुंकायची. माझा नवरा एकदा जेवताना म्हणाला होता, की पाऊस लागला की मागच्या टाक्या नाल्यात मोकळ्या करतात. मी भात वाढत होते. आम्ही दोघंही पुढं काही बोललो नव्हतो. गावाला फेस ठाऊक होता, कारखान्यातल्या माणसांना टाक्या ठाऊक होत्या. तळ्यातल्या मरळीपर्यंत कुणी विचार नेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्का बाजारात बसली नाही. पातेल्यातल्या मरळी तिनं घरामागे खड्डा करून पुरल्या. मग ती घरोघर जाऊ लागली.

आमच्याकडे ती सकाळी आली. हे रात्रपाळी करून नुकतेच आले होते, अंगात कारखान्याचा निळा शर्ट तसाच होता. अक्का उंबरा ओलांडेना. बाहेर उभी राहून तिनं माझ्यापुढं पदर पसरला.

"माले माफ कर, बहीण. मीच खवाडं तुले. नही म्हनत व्हती तू, मी बसीसन खवाडं."

मी तिचे हात धरले. तेवढ्यात ओवी धावत आली आणि रोजच्यासारखी तिच्या पायांना बिलगली. अक्कानं हात सोडवून घेतले आणि पाठीमागं नेले. ज्या पोरीला ती हक्कानं कडेवर घ्यायची, तिला शिवायची आता अक्काला लाज वाटत होती. हे हातात चहाचा कप घेऊन उभे होते. कप तिथंच ठेवून ते आत गेले. न्हाणीघरातला नळ बराच वेळ वाहत राहिला.

लोकांनी अक्काला नाना तऱ्हांनी वागवलं. काही हसले. "अक्का, मना पोऱ्या पहिलवान शे, कसाना पारा?" एका म्हातारीनं आपल्या नातवाच्या प्रत्येक दुखण्याचं खापर तिच्यावर फोडलं, वाट्टेल ते बोलली. अक्का मान खाली घालून उभी होती. मी म्हटलं, "अक्का, चला." ती म्हणाली, "बोलू दे तिले. तिना हक शे."

दिरानं तर भर चौकात भांडण काढलं. मासे विकले जाईनात, शेजारच्या गावांतले व्यापारीही फिरकेनात. "तोंड बंद ठेव, वहिनी! आपन काय खासूत?"

"दुसरं काम करसूत," अक्का म्हणाली. "बिघडेल लेकरू परत नीट करता येस का?"

तिच्या भाऊबंदांनी तिला लग्नकार्यात बोलावणं सोडलं. ती मात्र बाजारच्या दिवशी आपल्या जुन्या जागी येऊन बसे. समोर पाटी नसे. दुसऱ्याकडून मासे घेणाऱ्या गरोदर बाईला हाक मारी आणि सांगे, "तळामधली मरळ नको लेऊ, माय." सांगताना तिची नजर त्या बाईच्या तोंडाकडे नसायची, जमिनीकडे असायची.

सरकारी माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. नंतर तळ्याच्या काठी एक पाटी लागली. अक्काला वाचता येत नव्हतं, मला घेऊन गेली. मी वाचलं, "या तळ्यातील मासे खाऊ नयेत."

"आखो?"

"एवढंच आहे."

"मासानंच नाव शे? नालानं नही?"

मी पुन्हा वाचलं. जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर नाल्याचं नाव सापडणार होतं.

त्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ओवी बोलली. झोक्यावर बसली होती, मोठ्यानं म्हणाली, "आई, जोरात!" मी तिला कडेवर घेऊन धावतच अक्काकडे गेले. ओवीनं अक्काच्या घरीही तेच दोन शब्द म्हणून दाखवले. अक्का ढसाढसा रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "हाई बोलनी व बहीण. पन बाकीन्या?"

ओवीला बोलायला उशीर त्या मरळीमुळं झाला की नाही, हे कुठल्याच डॉक्टरनं सांगितलं नाही. कुणाला सांगताच येत नव्हतं. अक्कानं मात्र ते स्वतःच्या नावावर कायमचं लावून घेतलं होतं, आणि आणखी कितीतरी लेकरांचंही. कुणी वर्गात मागं पडलं, कुणाचा हात थरथरतो असं कळलं, की ती दिवसभर जेवत नसे.

शेवटी तिचा मुलगा तिला सुरतेला घेऊन जायला आला. तो तिकडं कापडाच्या गिरणीत होता. फाट्यावर तिला पोहोचवायला गावातलं कुणी आलं नाही. मी गेले, आणि माझ्याबरोबर हेही आले. त्या सकाळनंतर ते अक्काशी एकदाही बोलले नव्हते, ती दिसली की वाट बदलायचे. बस दिसायला लागली तेव्हा ते पुढं झाले.

"अक्का," ते म्हणाले, "तुमची काही चूक नव्हती."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. इतके दिवस ज्याला विचारावं असं कुणी भेटलं नव्हतं, तो आज समोर उभा आहे, अशा भाबड्या आशेनं तिनं विचारलं,

"मंग कोनी व्हती, भाऊ?"

बस येऊन थांबली. मुलगा पिशव्या घेऊन आधी चढला. यांनी खाली वाकून तिचं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. खाली उतरले तेव्हा अक्का अजून दाराशीच उभी होती, यांच्या तोंडाकडे बघत. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, तेव्हा कुठं ती वर चढली.