चामटोलीची आत्या कुठल्या रंगाची

माझ्या हळदीचं आमंत्रण मी चामटोलीच्या आत्याला मोबाइलवर पाठवलं, आणि आत्या रुसली. ती रुसली की गावातल्या म्हशी आटतात. हे मला म्हशींनीच सांगितलंय. आमच्यात पहिली हळद आत्या लावते. ती आली नाही, तर मी कोराच बोहल्यावर.

पण मी घाबरलो नाही. कंपनीने नुकतंच माणसं ओळखायचं ट्रेनिंग दिलं होतं. लाल माणसं हुकूम सोडणारी, पिवळी बडबडी, निळी काटेकोर, हिरवी शांत. रंग ओळखा, तसं बोला.

आईला घेऊन मी बेलवलीहून रिक्षाने गेलो. आत्या ओटीवर वाल सोलत होती. चेहऱ्यावरून लाल वाटली, म्हणून थोडक्यात बोललो, "आत्या, रविवारी ये."

"सायेब हुकूम सोडाया आले," आत्या वालांना म्हणाली.

मग पिवळी समजून जोक सांगितला, निळी समजून कार्यक्रमाचं टाइमटेबल दाखवलं. हिरवी समजून गप्प बसलो, तर तिने टोपली माझ्यापुढे सरकवली.

इतका वेळ शेजारी वाल सोलणारी आई म्हणाली, "वन्सं, हळद कुटून ठेवलीय. तुमच्याआधी तिला हात कोण लावणार?" आणि पिशवीतून नारळ काढून तिच्या हातात दिला.

आत्याने नारळ कानाशी हलवून पाहिला.

"घरी येऊन नारळ द्यायचा असतो, येवढं कंपनीत शिकवत नाय?" तिने मला विचारलं.

रविवारची हळद होती, आत्या शुक्रवारीच आली. तिने मला इतकी हळद फासली की फोटोत नवरा फक्त दातांवरून ओळखू येतो.