धुण्याआधीचा खडू

फेबी पहाटे साडेतीनला उठायची. हौसेनं नाही. किट्वे या खाणींच्या शहरात आमच्या वस्तीच्या नळाला पाणी साडेतीनला येतं आणि उजाडायच्या आत जातं. तेवढ्यात बादल्या भरल्या नाहीत तर तिचा दिवस बुडाला, कारण तिचा धंदा पाण्याचा. लोकांच्या घरी जाऊन ती मोटारीचं इंजिन धुते. तिला एकच गोष्ट हवी होती, पाण्याची टाकी. टाकी आली की ते उठणं संपणार होतं.

इंजिन धुणं म्हटलं की लोक हसतात. त्यात काय, मशीन लावायचं, फवारा मारायचा. असं म्हणणाऱ्यांच्या गाड्या दोन दिवसांनी शेजारच्या न्डोला शहराच्या रस्त्यावर बंद पडलेल्या दिसतात. मला त्यांची दया येत नाही.

फेबीचं काम मी माझ्याच अंगणात पाहिलंय. इंजिन हाताला गार लागेपर्यंत ती पाण्याला शिवत नाही. आधी बॅटरीची काळी वायर सोडते. मग अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, हवा ओढणारं तोंड, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधते. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून ब्रशनं घासते, खाचाखोचांत दातांचा जुना ब्रश. रॉकेल नाही, डिझेल नाही. झारीनं थोडं थोडं पाणी सोडते, फडक्यानं टिपते आणि बॉनेट उघडं ठेवून उन्हात वाळवते. खडखडीत वाळलं की पिशव्या सोडते, मग बॅटरी जोडते. एकदा मी घाई केली तर म्हणाली, "बाबा, खाणीत सुरुंग लावून तुम्ही लगेच आत पळायचात का?"

आणि या सगळ्याच्या आधी खडू. तेल गळतं तिथं धूळ धरते, काळी आणि ओली. धुतलं की ती खूण जाते. म्हणून फेबी आधी गळती शोधते, तिच्याभोवती खडूनं गोल काढते, मालकाला दाखवते, मगच धुते. तिचा नवरा असंच धुऊन चकचकीत केलेलं इंजिन बघून भुलला आणि गाडी घेऊन आला होता. ती गाडी भर रस्त्यात पेटली. माणूस वाचला, गाडीचा सांगाडा उरला. त्या दिवसापासून तिच्या पिशवीत खडू असतो.

तिला सगळ्यात जास्त काम द्यायचा सिकाझ्वे. घराच्या आवारात जुन्या गाड्या विकायचा. टाकीसाठी जे काही साठत होतं ते त्याच्याच कामातून.

चिलेक्वा माझ्याबरोबर खाणीत होता. छाती दगडाच्या भुकटीनं भरली, तरी त्याचे निवृत्तीचे पैसे कंपनीनं वर्षानुवर्षं अडवून ठेवले. अखेर हातात पडले तेव्हा त्यानं ठरवलं, टॅक्सी घ्यायची. होते तेवढे सगळे पैसे त्यातच जाणार होते. सिकाझ्वेनं दहाला बोलावलं होतं. चिलेक्वाला धीर नव्हता, आम्ही नऊलाच पोचलो. फाटक उघडं होतं. आत भांडण चाललं होतं.

"खडू पूस," सिकाझ्वे म्हणत होता.

"गिऱ्हाईक बघेल, मग पुसते," फेबी म्हणाली.

"गिऱ्हाइकानं काय बघायचं ते मी ठरवतो. पैसे कोण देतं तुला?"

"तुम्ही देता. इंजिन धुवायचे. कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकायचे नाही. बॉस, टॅपेट कव्हरचं, वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय. तेल खालच्या तापत्या पाइपवर पडतंय. पॅकिंग कोंबडीच्या किमतीत येतं, एका सकाळचं काम. तेवढंही होत नाही तुमच्यानं?"

"त्यावर डिझेलचं फडकं मार. चमकू दे."

"तापत्या पाइपवर डिझेल? त्यापेक्षा तुमच्या डोक्यावर मारते. तिथं पेटण्यासारखं काही नाही."

चिलेक्वा खाकरला. सिकाझ्वे वळला आणि त्याच्या तोंडावर लगेच साखर आली. "या, या बाबा! इंजिन बघा, आरसा आहे आरसा."

चिलेक्वानं वाकून पाहिलं. सगळं इंजिन लख्ख, आणि मधे तळहाताएवढा काळा ओला डाग, भोवती पांढरा गोल. "हे का राहिलं?"

"बाई आळशी आहे," सिकाझ्वे म्हणाला.

आळशी! साडेतीनपासून उभ्या असलेल्या बाईला, हा माणूस, नुकता नाश्ता करून आलेला! माझ्या हातात काही नव्हतं हे त्याचं नशीब.

फेबी गाडीकडे वळली. सगळं वाळलेलं होतं. तिनं पिशव्या सोडल्या, बॅटरी जोडली, इंजिन चालू केलं आणि हात बांधून उभी राहिली. पाइप तापला तसा त्या गोलाखालून निळा धूर निघाला. जळक्या तेलाचा वास आवारभर पसरला.

"आता आळशी कोण ते नाकाला विचारा," ती म्हणाली.

चिलेक्वा हळू बोलतो, त्याला दम पुरत नाही. "पॅकिंग माझ्या डोळ्यांसमोर बदल. मग पैशांचं बोलू."

सिकाझ्वेला कबूल करावं लागलं. राग मात्र त्यानं तिच्यावर काढला. "चालती हो. काम अर्धं, पैसे नाहीत."

फेबीनं बादल्या उचलल्या, फाटकात ओळीनं मांडल्या आणि एक पालथी घालून तिच्यावर बसली. गाडी आत येईना, बाहेर जाईना. रस्त्यावर हॉर्न वाजायला लागले.

"लुबुतोची आई, ऊठ. लोक बघतात." सिकाझ्वे आता तिला पोराच्या नावानं हाक मारत होता.

"बघू देत. दाखवायची हौस तुम्हालाच आहे ना?"

चिलेक्वा तिच्याकडे गेला. "पोरी, माझे गुडघे गेलेत. एक बादली मलाही दे." मग मीही बसलो.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सिकाझ्वेनं नोटा तिच्यासमोर जमिनीवर टाकल्या.

"उचला," फेबी म्हणाली. "आणि हातात द्या."

त्यानं उचलल्या. पूर्ण मजुरी. ती मोजून तिनं कमरेला खोचली आणि चिलेक्वाला म्हणाली, "बाबा, पॅकिंग बदललं की सांगा. तो डाग माझ्याकडे राहिलाय. त्याचेही पैसे घेतलेत मी."

त्याच आठवड्यात चिलेक्वानं पॅकिंग बदलून घेऊन गाडी घरी आणली, आणि फेबी तिथं जाऊन तो डाग धुऊन आली. इंजिन गार होईपर्यंत थांबून, पिशव्या बांधून, एवढ्याशा डागासाठी. चिलेक्वाची टॅक्सी अजून चालते.

सिकाझ्वेनं तिला पुन्हा बोलावलं नाही. बाकीच्या विकणाऱ्यांनाही सांगितलं, ही बाई धंदा बुडवते. खरंच आहे. ज्या धंद्यात पॅकिंगपेक्षा फडकं स्वस्त पडतं, तो बुडायलाच हवा. पण बुडाला नाही. सिकाझ्वेच्या आवारात आजही इंजिनं चमकतात, आणि फेबी पुढं दीड वर्ष घरोघरी एकेक गाडी धूत, साडेतीनलाच उठत राहिली.

मग टाकी आली. काळी, प्लास्टिकची, विटांच्या चौथऱ्यावर. पाणी साडेतीनला येतं, आपसूक भरतं. फेबी सहाला उठते.

बसवणाऱ्यानं तळाचा नळ सैल सोडला होता, थेंब गळत होता. फेबीनं त्याच्याभोवती खडूनं गोल काढला आणि बसवायचे पैसे देण्याआधी त्याला परत बोलावलं.