मैनाचं नाव

एटापल्लीच्या साहित्य मेळाव्यात सतरंजीखाली धानाची तणीस अंथरली होती. तिचा वाळका, गोडसर वास आला आणि मला चिमूरचा जुना मंडप आठवला.

तिथे आम्हा दोघींच्या नव्या पुस्तकांवर चर्चा होती, माझ्या आणि शांताबाईंच्या. त्यांचं पुस्तक तापाने गेलेल्या लेकीवर, मैनावर होतं. एक पान वाचा म्हटल्यावर त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं. "तूच वाच बाई. मले आयकू दे."

मी वाचत होते आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पान संपलं तशा हळूच म्हणाल्या, "अजून एकदा वाच."

मला वाटलं, त्यांच्याने वाचवत नसेल.

आज माझं पुस्तक माझ्या गेलेल्या नवऱ्यावर आहे. मला त्रास होईल म्हणून घरात आता कोणी त्यांचं नाव काढत नाही. पान वाचायची वेळ आली तेव्हा मी पुस्तक शेजारी बसलेल्या सूत्रसंचालकाच्या हातात दिलं. त्याने वाचलं, "दिनकर सायकल टेकवून दारात उभा राहिला."

"भाऊ," मी म्हटलं, "अजून एकदा वाचा."