वगारीला पाजलेला चीक

माहेरी न्यायची बॅग मी सातव्या महिन्यातच भरून पलंगाखाली सरकवली होती. जुन्या सुती साड्यांची दुपटी, दोन गाऊन, कानाला बांधायचा रुमाल, आणि आईसाठी इथल्या बाजारातून घेतलेली मनुकांची पिशवी. नाशिकरोडहून रेल्वेनं बडनेरा, तिथून एसटीनं यवतमाळच्या अलीकडचा आमचा फाटा, आणि फाट्यावरून पायी. आठव्याचा पंधरवडा उलटला की निघायचं ठरलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी लहानपणापासून धरून चालले होते. आई पाटावर बसवून अंगाला तेल लावील, गोठ्यातून म्हशीचा हंबर ऐकू येईल, मला कुणी उठ म्हणणार नाही. सातपूरच्या त्या एका खोलीत मी दिवसभर याचाच विचार करायची.

आठवा लागून चार दिवस झाले आणि सकाळी भाकरी थापताना कळ आली. हे कंपनीत गेलेले. घरमालकीणबाई मखमलाबादकडच्या आपल्या मळ्यातून शेवंती तोडून नुकत्या आल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी टोपली तिथंच ठेवली आणि हाताला फुलांचा हिरवा डाग तसाच असताना मला रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात दुपारपर्यंत मुलगी झाली. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत जेवढी लांबी, तेवढीच. मला एकदा दाखवली आणि काचेच्या पेटीत नेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यांना सांगितलं, रक्तात इन्फेक्शन आहे, औषध चालू केलंय, बघू. ते 'बघू' माझ्या छातीत जाऊन बसलं. शिकलेल्या माणसाला विचारता तरी येतं, की बघू म्हणजे काय. माझी शाळा आठवीत सुटली. त्या साली आई अंथरुणाला खिळली होती आणि म्हशींचं करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हापासून कुणी पांढरा कोट घालून बोलायला लागलं की मी नुसती मान हलवते.

त्याच सकाळी आईचा फोन आला. तिला निघता येत नव्हतं, कारण म्हैस व्यायला झाली होती आणि बाबांच्या हाताला प्लास्टर. फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "अवं, रातीच व्याली न म्हैस! वगार झाली. पन उठूनच नव्हती रायली बाप्पा. मीच धरून आचळाले लावली. पह्यला चीक पोटात गेला तवा कुठं मले बरं वाटलं."

मी म्हटलं, "माय, माह्या पोरीले काचेत ठेवलंय."

ती एकदम कामाचं बोलावं तसं बोलायला लागली. "पाय, तुले पह्यलं पिवळं-पिवळं येईन, ते लेकराले देऊ नको बरं. लय जड असते. तीन रोज पिळून टाकजो. तवर गुळाच्या पान्याचं बोट चाटव म्हना."

दोन्ही गोष्टी तिनं एकाच फोनवर सांगितल्या. मी दोन्ही ऐकल्या. मला काहीही खटकलं नाही.

सिस्टरनं आदल्या दिवशी बजावलं होतं, दूध आलं की लगेच सांगा. मी सांगितलं नाही, कारण माझ्या हिशेबी दूध आलंच नव्हतं. जे आलं होतं ते घट्ट, पिवळं, चिकट होतं. म्हशी सांभाळणाऱ्या घरात वाढलेली मी, मला चीक आणि दूध वेगळं कळतं. मी वॉर्डाच्या टोकाच्या बेसिनपाशी गेले, पदर आडवा धरला आणि पिळून टाकला. दुपारी पुन्हा गेले. नळ सोडला की दिसेनासा व्हायचा.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मागून आवाज आला. "ओ बाई, काय चाललंय? बेसिनमध्ये काय टाकताय?"

मी म्हटलं, "काही नाही सिस्टर. चीक आहे नुसता."

ती पन्नाशीची, जाड भिंगाच्या चष्म्याची बाई होती. ती ओरडेल म्हणून मी खांदे आत ओढून घेतले. ती ओरडली नाही. नळ बंद केला आणि म्हणाली, "कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

"कुणी सांगितलं?"

"आईनं."

"आईकडं गुरंढोरं आहेत?"

"म्हशी आहेत. कालच एक व्याली."

"मग त्या रेडकाला पहिला चीक पाजला, का फेकला?"

व्यायलेल्या म्हशीखाली पिल्लू लावायला उशीर झाला तर आमच्याकडं आरडाओरडा होतो. चीक मिळाला नाही तर ते हगवणीनं जातं, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. मी स्वतः कितीतरी रेडकांच्या तोंडात बोट घालून त्यांना चोखायला शिकवलंय. आणि माझ्या पोरीचा मी नळाखाली सोडला होता.

मला रडू फुटलं. म्हटलं, "सिस्टर, संपला का हो सगळा?"

"रडून येत नाही तो. बस इथं. हात धू, साबणानं, कोपरापर्यंत."

तिनं उकळलेली वाटी आणली. मी पिळत होते, येत काही नव्हतं. आयुष्यात इतक्या म्हशी पिळल्या, पान्हा कसा सोडवायचा ते मला कुणी शिकवायला नको, पण स्वतःच्या अंगाला कसं चुचकारायचं? घरमालकीणबाई डबा घेऊन आल्या. त्यांना सगळं कळल्यावर म्हणाल्या, "अगं, अशी अंग आखडून बसलीस तर गाय तरी पान्हा सोडल का? तू तर माणूस हायेस. पाठ दे इकडं." त्या माझी पाठ चोळत बसल्या, गॅलरीतल्या कबुतरांना शिव्या देत. त्यांच्या हातांना शेवंतीचा वास होता. आईच्या हातांना पेंडेचा असतो. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात गोठ्यात जाऊन बसले. त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणते.

वाटीत आठ-दहा थेंब पडले. सिस्टरनं ते सुई नसलेल्या बारीक पिचकारीत ओढले, तेव्हा तिच्या बोटांतही घाई होती. काचेच्या पेटीत नळीतून ते पोरीच्या पोटात गेले. मी बाहेर उभी राहून बघत होते. तेवढ्यानं काय होणार, असं वाटत होतं.

पुढचे दिवस दोन-दोन तासांनी तेच. वाटी, हात धुणं, थेंब. एकदा धीर करून मी विचारलं, "सिस्टर, ह्यात असं काय आहे?"

ती वाटीवर झाकण ठेवत म्हणाली, "बाळ जन्मतं ना, तेव्हा त्याचं आतडं म्हणजे नवी पेरायची जमीन समज. तिथं जंतू येणारच. पहिले चांगले येऊन बसले तर वाइटांना जागा पुरत नाही, खायला मिळत नाही. पोट असं भरलेलं असलं तर इन्फेक्शनशी झुंजायला मदत होते. तुझी पोर औषधावर आहे. ते औषध वाईट जंतू मारतं, पण चांगलेही थोडे मरतात त्यात. ते पुन्हा वस्तीला यायला हवेत."

"आणि ते दुधानं येतात?"

"काही दुधातून येतात. आणि तुझ्या दुधात एक साखर असते, गंमत अशी की ती बाळाला पचतच नाही."

"मग कशाला असते?"

"त्या जंतूंसाठी. त्यांचं जेवण ते."

मला हे आजही आठवलं की थांबायला होतं. मी पोरीसाठी तळमळत होते, आणि माझं अंग, मला काही न विचारता, कधी न दिसणाऱ्या तिच्या पाहुण्यांचाही स्वयंपाक करत होतं. शाळेत आम्हाला जंतू म्हणजे घाण, एवढंच शिकवलं होतं. त्याच्या पुढचा धडा येण्याआधी माझं नाव पटावरून गेलं.

रोज आईचा फोन यायचा. ती वगारीचं सांगायची, आज उड्या मारल्या, आज दोरी तोडली. मी पोरीचं सांगायची. आज दोन थेंब जास्त घेतले, आज रंग बरा आहे. मी चीक पाजतेय हे मात्र सांगितलं नव्हतं. आईचं ऐकलं नाही, हे तिला इतक्या लांबून कसं सांगायचं?

नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन उतरलंय. या वेळी 'बघू' म्हणाले नाहीत. सिस्टरनं पोर माझ्या अंगावर, उघड्या छातीवर ठेवली आणि स्वतः खिडकीकडं बघत उभी राहिली.

आई आली तेव्हा आम्ही घरी येऊन आठवडा झाला होता. गाडीतून उतरून आली ती थेट दारात थबकली, पोरीला हात लावायला धजेना. म्हणाली, "माहे हात रस्त्याचे हायेत." मी तिला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, रागावेल. ती पलंगावर बसली, खालची भरलेली बॅग तिच्या पायाला लागली. ती तिनं बाहेर ओढली, उघडली, दुपट्यांवरून हात फिरवला.

मग म्हणाली, "मले त्या सिस्टरकडं ने."

घरची तुरीची डाळ फडक्यात बांधून तिनं आणली होती. दवाखान्यात ती सिस्टरच्या हातात दिली. सिस्टर नको नको म्हणत होती. आईनं तिचा हात सोडला नाही आणि हळूच विचारलं, "बाई, हिच्या आधी मले एक पोरगं झालं होतं. पंधरा रोजचं गेलं, हगवनीनं. मीबी तवा पिळूनच टाकलं होतं, सासूनं सांगतलं म्हून. त्याच्यानंच गेलं का वं ते?"

त्या मुलाबद्दल मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

सिस्टरनं चष्मा काढला. "माय, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पन्नास कारणं असतात. तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही केलं."

आई "हो" म्हणाली. डाळ मात्र तिनं परत घेतली नाही.

ती आठ दिवस राहिली. मला तेल लावलं, पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. पण खोलीत पाट मांडला की दार उघडता येत नव्हतं, गोठा नव्हता, आणि तिचा जीव निम्मा म्हशीत. मी डोळे मिटून ते माहेर आहे असं धरून चालले. नाशिकरोडला गाडीत बसवलं तेव्हा खिडकीतून म्हणाली, "दुसऱ्या वक्ताले तिकडंच ये." दुसरी वेळ आली नाही. आता यायचीही नाही.

पोर पहिलीत आहे. माती खाते, पावसात भिजते, तरी मला तिचं पोट जरा दुखलं की धस्स होतं. मावशी हसतात, "तिच्या पोटात तुझी सगळी फौज हाय, तू कशाला भितेस?" सिस्टर निवृत्त झाली. शेवंतीच्या दिवसांत मावशींकडून फुलं घेऊन मी तिच्या दारात देऊन येते.

परवा आईचा फोन आला. ती वगार आता म्हैस झाली आहे आणि दुसऱ्यांदा व्याली. खरवस करणार म्हणाली. इथवर तो टिकत नाही, मी लग्नानंतर खाल्लेला नाही. तिला ते कळलं असावं.

"थांब," ती म्हणाली, "ऐकवते."

तिनं फोन खाली धरला. पोर माझ्या मांडीवर येऊन कान लावून बसली. आधी नुसती खसखस, कडब्याची. मग चुटूक चुटूक असा आवाज यायला लागला. दमदार, न थांबता.

पोरीनं विचारलं, "आई, काय करतंय ते?"

"चीक पितंय," मी म्हटलं. आम्ही दोघी ऐकत राहिलो, त्याचं पोट भरेपर्यंत.