मी दिलेला सूर

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेली नाही. आईच्या नाही, मैत्रिणींच्या नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती तिच्या तर नाहीच नाही. आज लिहायला बसले ते धीर आला म्हणून नव्हे. राग आला म्हणून. स्वतःचाच. तो इतका साचलाय की हल्ली गाताना घशाशी येतो — आणि मी अजूनही गाते, याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

कुठून सुरुवात करू? ग्रुपपासून करते. ते सोपं आहे.

आमच्या कॉलेजात सात जणांचा ग्रुप जमला, तो कॉलेज संपल्यावरही चालू आहे. आम्ही जुन्या चित्रपटांतली गाणी गातो, पण वाद्यांशिवाय. ढोलक तोंडाने, बासरी तोंडाने, दोन कडव्यांमधला व्हायोलिनचा तुकडा — तोही तोंडानेच. आपल्याकडे लोकांना ऑर्केस्ट्रा माहीत. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, मोठाले स्पीकर. आम्ही रिकाम्या हातांनी कार्यक्रमाला पोहोचलो की कुणीतरी विचारतंच, "सामान मागून टेम्पोत येतंय का, राव?" पण सुरुवातीचं संगीत सुरू झालं, की शब्द यायच्या आधीच गाणं ओळखून लोक खुर्चीत पुढे सरकतात. आईबापांच्या वयाची माणसं लहान मुलांसारखी हसतात. त्या क्षणाबद्दल मी खोटं बोलणार नाही. तो मला फार आवडायचा. अजून आवडतो.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. वाद्य नसलं की सूर कशावरून धरायचा? म्हणून गाणं सुरू व्हायच्या आधी एक जण सूर देतो. आमच्यात ते काम माझ्याकडे होतं. केसांखाली एका कानात इअरफोन, फोनवर तानपुऱ्याचं ॲप. मी तो सूर ऐकायचा, माइक तोंडापासून लांब धरून हळूच 'म्म्' करायचं, आणि बाकीच्यांनी तोच सूर उचलायचा. कुणी तपासत नाही. स्टेजवर तपासणार कसं? मी देईन तो सा. इतका साधा, इतका आंधळा विश्वास.

कळलं ना, मी कुठे चाललेय ते? थांबा जरा. मलाच अजून तिथे जाववत नाहीये.

मी काळेवाडीची. वडील चाकणला एका कंपनीत शिफ्टला जातात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठल्याही भाषणात, कुठल्याही अर्जात पहिल्यांदा सांगते, आणि समोरच्याचा चेहरा लगेच मऊ होतो. इथे मऊ होऊ नका. जिला हे सांगायला हवं होतं ती रोहिणीही तिच्या घरातली पहिलीच होती. म्हणजे ते कारण इथेच संपलं.

रोहिणीला ग्रुपमध्ये मीच आणलं, पहिल्या वर्षाला असताना. प्रॅक्टिकलनंतर बीकर धुता धुता ती गुणगुणत होती आणि माझे हात थांबले. असा आवाज मी समोरासमोर कधी ऐकला नव्हता — भरलेला, थोडा जाडसर, पण सुरावर असा बसायचा की हलायचाच नाही. ती देहूरोडहून यायची. घर मूळचं परभणीकडचं. बोलताना 'काय करायलीस गं सुवर्णे' असं म्हणायची, आणि निगडीच्या बंगल्यांतून येणारी आमची पोरं आधी हसायची. ती गायली की गप्प व्हायची. मला त्याचा अभिमान वाटला. मी शोधलं होतं ना तिला!

मग महिन्याभरात मुखडा तिचा झाला. अंतरा तिचा. मी मागे उभी राहून व्हायोलिन करत राहिले.

तरीही चाललं असतं, असं मी स्वतःला खूपदा सांगितलंय. पण एकदा तालमीत मी धीर करून विचारलं, हे नवं गाणं मी गाऊन बघू का? अद्वैतदादा म्हणजे आमचा ग्रुप चालवणारा, शेवटच्या वर्षाचा, खर्जातला आवाज तोच लावायचा. तो हसून म्हणाला, "तू व्हायोलिन मस्त करतेस गं. तुझा आवाजच तसा आहे, मागे शोभणारा." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळे हसले. रोहिणी हसली नाही. ती म्हणाली, "गाऊ दे की तिला एकदा." आणि मला राग कुणाचा आला असेल? तिचा. जी माझ्या बाजूने बोलली, तिचा.

त्याच सुमारास एका कंपनीने कामगारांच्या कुटुंबांसाठी कार्यक्रम ठेवला आणि आम्हाला बोलावलं. कंपनी रोहिणीच्या वडिलांची निघाली. ते तिथे प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर होते. त्यांना तिचं गाणं पसंत नव्हतं. कॉलेज म्हणजे अभ्यास, बाकी सगळी थेरं. रोहिणीने बरीच हुज्जत घातली, तेव्हा ते म्हणाले, "आमच्या लोकांसमोर गा. मी ऐकतो. जमायलं असंल तर जा पुढं, मी आडवा येणार नाही. नाही जमलं तर परत नाव काढायचं नाही." हे तिने मला बसस्टॉपवर सांगितलं. डोळे चमकत होते. "सुवर्णे, एकदा ऐकलं ना त्यांनी, की झालंच बघ."

म्हणजे मला माहीत होतं. तिचं काय पणाला लागलंय ते आमच्या अख्ख्या ग्रुपात फक्त मला माहीत होतं.

गाणं पांढरी पाचमध्ये बसवलेलं होतं, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी हा आमचा सा. अंतऱ्याची शेवटची ओळ वर चढत तार सप्तकातल्या पंचमापर्यंत जाते. पांढरी पाचमध्ये तिचा आवाज तिथे जेमतेम पोहोचायचा — जेमतेम, पण दर वेळी. त्याच्या वर नाही. तेही मलाच माहीत होतं. सूर देणाऱ्याला प्रत्येकाच्या आवाजाची कड माहीत असते, ते त्याचं कामच असतं.

कंपनीच्या आवारात मांडव, समोर खुर्च्या, मागे मसालेभाताचा वास. पहिल्या रांगेच्या थोडं मागे रोहिणीचे आईवडील. वडील इस्त्रीच्या शर्टात, आजूबाजूला त्यांच्या लाइनवरची माणसं. एकाने त्यांच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हटलं, आणि ते लाजले. मोठा माणूस लाजताना मी पाहिला. आणि तरी.

तरी मी फोनवर पांढरी सहा लावली.

हात चुकला का? नाही. गोंगाट होता का? होता, पण कानात सूर स्पष्ट होता. पांढरी पाच दिसत होती, तिच्यावरून अंगठा पुढे सरकवला आणि दाबला. एक पूर्ण सूर वर. मग मी 'म्म्' केलं आणि सहा जणांनी तो सूर उचलला. माझ्यावर विश्वास ठेवून.

मुखड्यातच रोहिणीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. म्हणजे तिच्या गळ्याला कळलं होतं, मनाला नाही. तिला वाटलं असणार, आपणच घाबरलोय. मी नजर समोर ठेवून व्हायोलिन करत राहिले. पहिला अंतरा तिने ओढून नेला. दुसऱ्यात त्या ओळीवर आवाज फाटला. नुसता कापला नाही, फाटला. मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं, मागून एक शिट्टी आली, आणि ती थांबली. भर गाण्यात, तोंड उघडं ठेवून.

आणि मी पुढे झाले. ती ओळ मी घेतली. माझा आवाज बारीक, वरचा, पांढरी सहात मजेत बसणारा. गाणं मी शेवटपर्यंत नेलं. टाळ्या पडल्या. तुम्हाला काय वाटतं, तेवढी तयारी मनात नसताना माणूस इतक्या चटकन पुढे होतो?

स्टेजमागे सगळे मला मिठ्या मारत होते. वाचवलंस, सुवर्णा! रोहिणी खुर्चीवर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण नुसतं फिरवत होती. तेवढ्यात अद्वैतदादा म्हणाला, "पण आज खालचा सा मला एकदम आरामात लागला यार. रोज मरतो मी तिथे. सूर वर होता का गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तेही खोटंच असतं, पण निदान माझ्या अंगावर पडलं असतं. मी काय म्हणाले? "हो. रोहिणीच म्हणाली होती, थोडा वर दे."

सूर चढवणं हा मत्सर होता. हे वाक्य काय होतं, त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

अद्वैतदादाने मान हलवली. ती लांब गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "अशा घरांतल्या मुलींना स्टेजचं प्रेशर झेपत नाही, जाऊ दे." अशा घरांतल्या. मीही त्याच घरांतली. मला त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. मी म्हणाले, "हो ना." आज त्या वाक्याचा संताप येतो तेव्हा आधी त्याचा चेहरा येतो — सोयीचं असतं ते. मग माझी हलणारी मान दिसते.

दुसऱ्या दिवशी रोहिणी मला कॉलेजच्या जिन्यात भेटली. मला वाटलं, आता विचारेल. भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "सॉरी गं. टेन्शनमध्ये मी तुला वर दे म्हणले असेन, मला आठवेना झालंय. माझ्यामुळं तुझी धांदल उडाली."

माफी. तिने माझी माफी मागितली.

मला पुन्हा तिचाच राग आला, खरं सांगते. एवढं कसं कुणी स्वतःवर घेतं? भांड ना! मान धर माझी! तिच्या डोक्यात जे घडलंच नव्हतं ते मी घुसवलं होतं, आणि ती ते आठवायचा प्रयत्न करत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे गं." मी तिला क्षमा केली. कळतंय का तुम्हाला? मी, तिला.

त्या गाण्याचा व्हिडिओ तिच्या वडिलांच्या कंपनीतल्या ग्रुपवर फिरला, खाली हसण्याच्या चित्रांची रांग. ते कामावर कसे गेले असतील, मला ठाऊक नाही. घरी ते ओरडले नाहीत म्हणे. फक्त म्हणाले, "ठरलं होतं ना आपलं?" ती हो म्हणाली. शब्दाची पक्की. तालमीला आली नाही ती परत कधीच. अभ्यास केला, चांगले मार्क पडले, आता एका लॅबमध्ये कामाला आहे. वर्गातल्या कुणी गाण्याचा आग्रह केला तर हसून सांगायची, "मला गाता येत नाही हो." हे ती माझ्यासमोर म्हणायची. मी ऐकायचे आणि विषय बदलायचे.

ते गाणं तेव्हापासून माझं झालं. पांढरी सहामध्ये. निगडीत, चिंचवडात, कुणाच्या साठीला, कुणाच्या गणपतीत. लोक म्हणतात, काय वर जाते पोरगी!

परवा निगडीच्या स्टँडवर तिचे वडील भेटले. मीच तोंड चुकवणार होते, त्यांनी हाक मारली. हातात भाजीची पिशवी, केस पिकलेले. "काय पोरी, गाणं चालू हाय ना? सोडू नको बरं का." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "आमच्या रोहिणीला बी लई हौस होती. माझंच मन धजत नव्हतं. मग म्हणलं, एकदा ऐकावं. पण आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार? वेळेवर कळलं, बरं झालं. नाही तर उगं आशेवर राहिलं असतं लेकरू."

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. त्यांनी मुलीला न्याय दिला होता, त्यांच्या समजुतीप्रमाणे. दिलेला शब्द दोघांनी पाळला होता.

आता मी लहान नव्हते. पहिल्या वर्षाची घाबरट पोरगी नव्हते. समोर अद्वैतदादा नव्हता, टाळ्या नव्हत्या, मागे हसणारं कुणी नव्हतं. एक माणूस होता आणि त्याच्या मुलीबद्दलचं एक वाक्य होतं, जे जगात फक्त मी त्याला सांगू शकत होते.

मी म्हणाले, "हो काका."

त्यांची बस लागली. ते चढले, आतून हात केला. मीही केला.

रोहिणीला गाता येतं. तिच्या वडिलांना ते माहीत नाही, आता तिलाही माहीत नाही. हे मी केलंय, आणि परवा पुन्हा केलं.