डब्यावरची ती ओळ

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्यालाही नाही. आणि मी काही कचरणारी बाई नव्हे — मंगळवार पेठेत बावीस वर्षं आयुर्वेदाचा दवाखाना चालवते, नाडी धरली की ठाम बोलते. मग एवढीच गोष्ट घशात का अडकावी?

नाचणी, मेथी आणि जांभळाच्या बियांचं एक सत्त्व मी विकायचे. परवाना खाद्यपदार्थाचा घेतला होता, औषधाचा नाही — तो लवकर मिळतो, एवढंच मला ठाऊक. डब्यासाठी मजकूर लिहून दिला : ‘मधुमेह मुळापासून बरा होतो.’ छापखान्याचे मालक घुटमळले. “मॅडम, खायच्या जिनसेवर आसं छापलेलं चालतंय न्हवं?”

“वैद्य मी आहे की तुम्ही?” मी म्हटलं.

नियम वाचला होता का? एक ओळही नाही. पण ‘मला माहीत नाही’ म्हणायची सवय कुठे होती मला?

शौकतभाई माझे एक रुग्ण, कबनूर गावचे, यंत्रमाग चालवायचे. साखर कमी करायच्या गोळ्या त्यांना दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या. मी डबा दिला. गोळ्या सोडा म्हटलं नाही — सोडू नका, असंही म्हटलं नाही. त्यांनी डब्यावरची ओळ वाचली आणि गोळ्या बंद केल्या — मला ते मागाहून कळलं. काही महिन्यांनी पायाला जखम झाली, चिघळली. अंगठा कापावा लागला.

पाय बरा झाल्यावर ते बायकोला घेऊन मला भेटायला आले. मी मनाची तयारी केली होती, शिव्या ऐकायची. ते हात जोडून म्हणाले, “बाई, चूक माझीच हाय. भाचीच्या लग्नात गोड खाल्लंतं मी. तुमच्या औषधाला उगंच बट्टा लागला.”

त्या क्षणी मला खरं कळलेलं होतं. अंगठा गेल्याचं समजलं त्याच दिवशी मी नियम शोधून वाचला होता — खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. साधी, सरळ भाषा. दहा मिनिटं लागली वाचायला.

आणि मी काय बोलले? नेहमीच्याच ठाम आवाजात — “पथ्य पाळायला हवं होतं, शौकतभाई.”

त्यांनी मान खाली घातली. बायको त्यांच्यावरच चिडली, माझ्यासमोर.

पुढच्याच आठवड्यात मी डबे बदलले. आता त्यावर ‘पौष्टिक आहार’ एवढंच असतं. मध्यंतरी शौकतभाईंची बायको पुन्हा आली. तिच्या भावाला साखर निघाली आहे. नवा डबा तिने उलटसुलट करून पाहिला.

“ह्यो नगं बाई, मुळापासनं बरं करतंय तो द्या की.”

“तो बंद झाला,” मी म्हटलं. का बंद झाला, ते सांगितलं नाही. भावाच्या गोळ्या चालू ठेव, एवढं मात्र तिला तीनदा बजावलं.